दुसऱ्या भाषेतले नऊ दिवस

बहारीनमधल्या जुफैरच्या त्या हॉटेलात ताटाखाली ठेवलेल्या कागदांवर जुन्या पाककृती फ्रेंचमध्ये छापलेल्या होत्या, नुसत्या शोभेसाठी. शुक्रवारची दुपार होती, जेवण यायला वेळ होता, आणि महमुदाच्या सुनेने, नाझिशने, चाळा म्हणून फोनचा कॅमेरा त्या कागदावर धरला. फोनच्या काचेत फ्रेंच अक्षरं क्षणभर थरथरली, विरघळल्यासारखी झाली, आणि त्यांच्या जागी मराठी अक्षरं उभी राहिली. ‘कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा.’ महमुदा समोरच्या बाजूला बसली होती. तिला ते उलटं दिसत होतं, तरी तिने ते वाचलं.

“मम्मी, लुक! मराठीपण येतं ह्याच्यात.”

महमुदाचा नवरा हुसेन हसला. “घे. आता तुजा भाव उतरला गो,” तो बायकोला म्हणाला. “येवढी फ्रेंच शिकलीस ती फुकट.”

“तुमी कवा मना भाव दिलात?” महमुदा म्हणाली, आणि ओवैस, त्यांचा मुलगा, आईच्या बाजूने हसला. तिची सासू अख्तरुन्निसा हसली नाही. ती ऐंशी वर्षांची होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तिला बारीक अक्षरं लागत नसत, त्यामुळे तिने फोन नाझिशच्या हातातून घेऊन नाकापाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

“म्हंजे म्हमुदाची पुस्तका पन वाचल काय ह्यो?”

“हो ना, दादी. व्हाय नॉट? मी वाचून दाखवते.”

“सगली?”

“सगळी.”

महमुदाच्या कानांमागे, केसांच्या मुळाशी, कातडी आवळल्यासारखी झाली. टेबलावर सूप आलं. त्याच्या पृष्ठभागावर तेलाचे गोल होते. लहान गोल मोठ्यांत मिसळत होते. ते कसे मिसळतात हे ती वर्गात शिकली होती, त्यामागचं गणित तिला येत होतं, आणि ती तेच बघत राहिली. सहा पुस्तकं. तिसरं पुस्तक. पहिल्यापासून वाचायला घेतलं तर तिसऱ्यापर्यंत यायला किती दिवस?

परतताना ओवैस गाडी चालवत होता, सासू पुढे बसली होती, आणि झिंजमधल्या घरापर्यंतच्या त्या दहा-बारा मिनिटांत महमुदाला आपल्या दिवाणखान्यातलं काचेचं कपाट डोळ्यांसमोरून हलवता येईना. त्यात मक्केहून आणलेला चहाचा सेट होता, हुसेनला कंपनीने पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेली ढाल होती, आणि दोहोंच्या मध्ये तिची सहा पुस्तकं उभी होती. तिने ती कधी लपवली नव्हती. मागच्या कव्हरवर तिचा फोटो होता, डोक्यावर ओढणी घेतलेला. पाहुणे आले की हुसेन एखादं काढून दाखवी, “ही आमच्या म्हमुदानं लिवलेली. फ्रान्सात छापतात.” पाहुणा पानं चाळी, फोटो बघे, माशाल्ला म्हणून मिटे. कशाबद्दल आहे असं कोणी विचारलंच तर ती म्हणे, आपल्या कोकणाबद्दल, समुद्राबद्दल. ते खोटं नव्हतं. आम्लात पाणी घालत गेलं की एका मर्यादेनंतर ते जिभेला आंबटसुद्धा लागत नाही, पण त्यात आम्ल असतंच. बावीस वर्षं ती असं पाणी घालत आली होती, आणि तिला ते सहज जमत होतं, कारण घरात, नात्यात, कोकणी लोकांच्या त्या सबंध गोतावळ्यात फ्रेंच वाचणारं एकही माणूस नव्हतं.

ती भाषा तिच्याकडे आली वडिलांमुळे. हर्णैचे, जहाजांवर वाढलेले ते गृहस्थ आफ्रिकेतल्या जिबुतीच्या बंदरात एका शिपिंग एजंटाकडे कारकून होते, आणि चौथ्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत महमुदा तिथल्या शाळेत फ्रेंचमध्ये शिकली. शाळेच्या खिडकीतून मिठाचे ढीग दिसत. वडील तापाने गेल्यावर आई तिला घेऊन परत हर्णैला आली, आणि तिथल्या शाळेत मुली तिला फिरंगीण म्हणून चिडवू लागल्या. मग तिने ती भाषा तोंडातल्या तोंडात ठेवली. विहिरीवर पाणी काढताना ती एकटीच फ्रेंच बोले, रहाटाच्या आवाजात. पुढे रत्नागिरीला रसायनशास्त्र, मग लग्न, मग बहारीन, मग पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली नोकरी. प्रत्येक बाटलीवर तारीख, वेळ, जागा, नमुना कोणी घेतला त्याचं नाव. लेबल नसलेली बाटली फेकून द्यायची, हा नियम. तिने पहिलं काही लिहिलं ते प्रयोगशाळेतल्या एका वहीच्या मागच्या पानांवर. लिऑनच्या एका छोट्या प्रकाशकाने ते घेतलं. पुढे तीन कादंबऱ्या आल्या, दोन निबंधसंग्रह आले, एक लहानसं पारितोषिक मिळालं. ते घ्यायला ती गेली नाही. मुलाखती ती फोनवरून देई, प्रयोगशाळेच्या स्टोअररूममध्ये बसून, आणि तुम्ही फ्रेंचमध्ये का लिहिता या प्रश्नाला तिच्याकडे दोन-तीन छान उत्तरं होती, बालपणाबद्दल, वडिलांबद्दल. खरं उत्तर त्यांत नव्हतं. मराठीतला प्रत्येक शब्द लिहायला गेलं की त्याच्यामागे कोणाचा तरी चेहरा यायचा. ‘भाकरी’ म्हटलं की सासू, ‘किल्ली’ म्हटलं की हुसेन. फ्रेंच शब्दांमागे कोणी नसायचं. तिथे ती कोणाबद्दल काहीही लिहू शकत होती, आणि लिहिलं होतं. परीक्षणं लिहिणारे म्हणत की ही बाई पापणी न लववता बघते. एका मुलाखतकार बाईने तिसऱ्या पुस्तकानंतर विचारलं होतं, “तुमच्या घरच्यांनी तुम्हाला क्षमा केली का?” त्यावर महमुदा म्हणाली होती, “माझ्या घरचे फ्रेंच वाचत नाहीत.” मग ती बाई हसली होती, आणि महमुदाही. ते हसू आता, गाडीत, सीटबेल्टच्या खाली कुठेतरी तिला आठवलं, आणि तिने खिडकीची काच थोडी उघडली. बाहेरची हवा ओल्या कापडासारखी आत आली.

“बंद कर गो,” पुढून सासू म्हणाली. “एसी चालू हाय.”

तिसऱ्या पुस्तकाचं नाव ‘रिकामं पिंप’. ते अझहरचं पुस्तक होतं. अझहर हुसेनचा सगळ्यात धाकटा भाऊ, अख्तरुन्निसाचं शेंडेफळ. सव्वीस वर्षांचा होता, मआमीरच्या कारखान्यांमागे एका लहानशा वर्कशॉपमध्ये वेल्डर. दर शुक्रवारी जेवायला यायचा आणि महमुदाला म्हणायचा, “भाबी, तुमच्या पाण्यात काय सापडला काय?” अठरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, त्याला एका रिकाम्या पिंपाला कडी बसवायला सांगितलं. पिंप रिकामं असलं की माणूस निर्धास्त असतो. खरं तर भरलेल्या पिंपापेक्षा रिकामंच जास्त वाईट, कारण तळाशी राहिलेल्या दोन चमचे द्रवाची वाफ आत हवेत मिसळून ठिणगीची वाट बघत असते. महमुदाला हे ठाऊक होतं. अझहरला कोणी सांगितलं नव्हतं. तिने तरी कुठे सांगितलं होतं? शुक्रवारी शुक्रवारी तो तिच्यासमोर बसून जेवला होता.

हर्णैला अम्माला, म्हणजे अख्तरुन्निसाला, जे सांगितलं ते असं: जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंच नाही. हे अम्मा अठरा वर्षं सांगत आली होती, सांत्वनाला येणाऱ्यांना, पुढे दुसऱ्यांच्या घरी सांत्वनाला जाऊन तिथल्या बायकांना, सहा वर्षांपूर्वी बहारीनला राहायला आल्यावर इथल्या शेजारणींना. “माज्या पोराला काय कललाच नाय. अल्लानं येवढा केला.” त्या एका वाक्यावर ती उभी होती. आणि खरं असं होतं की अझहर स्फोटात भाजून नऊ दिवस जिवंत होता. शुद्धीत होता. आईला बोलवा म्हणत होता. आईचा व्हिसा तीन दिवसांत निघाला असता. हुसेनने पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी म्हटलं, त्याचा चेहरा बघितलास? ही म्हातारी तिथेच पडेल. नंतर त्याने काही म्हटलं नाही. अझहरच्या खोलीत राहणाऱ्या तिघांना हुसेनने गप्प राहायची शपथ घातली. नवव्या दिवशी दुपारी फोन मात्र महमुदाने केला, कारण हुसेन फोनला हात लावेना. “अम्मा, एका क्षणात झाला,” ती म्हणाली होती, आणि तिचा आवाज स्थिर होता. नऊ दिवस ती इस्पितळात अझहरच्या पलंगाशेजारी बसली होती. हुसेनला आत बसवत नसे. तिला बसवत होतं, कारण तिच्या मांडीवर वही होती. तारीख, वेळ. काय प्यायला, काय म्हणाला. सगळं फ्रेंचमध्ये, शेजारून जाणाऱ्या मलबारी नर्सना आणि खुद्द अझहरला वाचता येऊ नये म्हणून. “भाबी, काय लिवता?” त्याने एकदा विचारलं होतं. तिने सांगितलं, “तुझ्या औषधांच्या वेळा.”

दुसऱ्या दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर वाचन सुरू झालं. नाझिशचं घरून काम चाले, चार वाजता तिला तासभर मोकळा वेळ असे. तिने कपाटातून पहिलं पुस्तक काढलं, दादीच्या पलंगावर मांडी घालून बसली, आणि फोन पानावर धरून मोठ्याने वाचू लागली. नाझिश बहारीनमध्येच वाढलेली, मराठी तिला समजे पण वाचायला अडे, आणि फोनमधलं मराठी सरकारी पत्रकासारखं होतं. तरी म्हातारीला गोडी लागली. जिबुतीचं बंदर, मिठाचे ढीग, कारकून बाप. महमुदा प्रयोगशाळेतून घरी आली की सासू सांगे, “आज तुजा बाप वारला गो. माज्या डोल्यांत पानी आला.” आणि एकदा, महमुदाचा हात धरून, “तू कवा बोललीस नाय ह्या सगला. येवढी वर्सा माज्यासंगं ऱ्हवलीस, नि मना फोनातना कललास.” त्या हाताचा दाब महमुदाच्या मनगटावर संध्याकाळभर राहिला. तिला कधी कोणी असं वाचलं नव्हतं. लिऑनच्या परीक्षकांनी तिची वाक्यं वाचली होती. ही बाई तिला वाचत होती. यात सुख होतं, आणि ते किती पानांचं आहे हे तिला माहीत होतं: दुसऱ्या पुस्तकाच्या दोनशे चौदाव्या, शेवटच्या पानापर्यंत. रोज घरी आल्यावर ती आधी खूण बघे. नाझिश खूण म्हणून किराण्याची पावती घालायची, आणि ती पावती दिवसाला वीस-पंचवीस पानं पुढे सरके. प्रयोगशाळेत तिने दोनदा बाटल्यांवर चुकीची तारीख टाकली. दोन्ही वेळा एकच तारीख, पुढच्या गुरुवारची.

तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी तिने हुसेनला स्वयंपाकघरात गाठलं. तो फ्रीजसमोर उभा राहून लोणचं खात होता.

“तिसऱ्या पुस्तकात अझहर आहे,” ती म्हणाली.

“आपला अझहर?” त्याने बोट चाटलं. “बरा झाला. अम्माला आवडल.”

“नऊ दिवस आहेत त्यात.”

हुसेनने फ्रीजचं दार लावलं नाही. आतल्या दिव्याचा उजेड त्याच्या पोटावर पडला होता. तो म्हणाला, “किती लिवलास?”

“सगळं.”

“मी काय बोल्लो ता?”

“तेही.”

“नावा बदललीस ना?”

“नावं बदलली.” आणि तिला स्वतःलाच ते किती हास्यास्पद आहे हे ऐकू आलं. भाऊ, वेल्डर, मे महिना, मआमीर.

“येवढी वर्सा त्या कपाटात व्हता,” हुसेन म्हणाला. “मी लोकांना दाखवत व्हतो. ह्या हातानं.” त्याने हात पुढे केला, लोणच्याचा, लाल तेलाचा. मग एकदम आवाज खाली आणला. “काढ ता पुस्तक. हरवला म्हन. खलास.”

तिने काढलं. मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेच्या पिशवीत घालून नेलं आणि स्टोअररूममध्ये मोठ्या काचेच्या बाटल्यांच्या मागे ठेवलं. कपाटात पाच पुस्तकं एकमेकांना टेकून तिरकी झाली. पाच तरी आहेत, असं तिला वाटलं, कोणी मोजत नाही. संध्याकाळी दार उघडायला नाझिश आली ती हसतच.

“मम्मी, ते थर्डवालं मिळेना. दादी सगळं घर शोधायला लागली. मग मी ऑनलाइन बघितलं, एका मिनिटात डाउनलोड झालं. आता कॅमेरापण नको, डायरेक्ट मराठी करतं. उद्यापासून तेच घेतो.”

“दुसरं झालं?”

“आज संपलं. मम्मी, यू आर सो गुड. आय हॅड नो आयडिया.”

महमुदाने त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर अजून काही नव्हतं. कोणत्या पानावर तो चेहरा बदलेल हे ती सांगू शकत होती. पहिली चाळीस पानं वर्कशॉप होतं, उन्हाळा होता, अझहरच्या शुक्रवारच्या थट्टा होत्या. त्या ऐकून म्हातारी हसेल. पिंप एकेचाळिसाव्या पानावर होतं. त्या रात्री, आणि बुधवारी दिवसभर, तिने वाक्यं तयार केली: अम्मा, कादंबरीत सगळं खरं नसतं. अम्मा, तिकडच्या लोकांना असं आवडतं. वाक्यं चांगली होती. तिला त्यांतले दोष दिसत होते आणि ती ते काढत होती, शब्द इकडचा तिकडे करत होती, आणि करता करता तिला कळलं की आपण हेच करत आलो आहोत, त्या पलंगाशेजारीसुद्धा हेच करत होतो. तो कण्हत असायचा आणि ती त्या कण्हण्यासाठी दोन शब्दांमधला एक निवडत असायची. बुधवारी संध्याकाळी सासू खरंच हसत होती. “अझहर जसाच्या तसा उतरवलास गो. तुमच्या पाण्यात काय सापडला काय, म्हनं!” हुसेन जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

गुरुवारी ती प्रयोगशाळेतून लवकर निघाली. लिफ्टमध्ये कोणीतरी अत्तर लावून गेलं होतं. दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं. आतून वाचनाचा आवाज येत नव्हता.

नाझिश दादीच्या खोलीत जमिनीवर बसली होती, फोन मांडीवर उताणा. तिचे डोळे सुजले होते. तिने महमुदाकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. अख्तरुन्निसा पलंगाच्या काठावर ताठ बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

“नऊ दिस?” ती म्हणाली.

तयार केलेलं एकही वाक्य आलं नाही. “हो, अम्मा.”

“मी तवा आंबापोली उन्हात घालीत व्हते. आंब्याचा साठ. गच्चीवर. त्याला धाडाया.” तिचा आवाज साधा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. “नऊ दिस मी कावले हाकलीत व्हते, म्हमुदा.”

“अम्मा, ह्यांना वाटलं की तुम्हाला ते सोसणार—”

“हुसेनचा मी बघीन. तो माजा हाय. तो घाबरला.” तिने हात हलवून हुसेनला बाजूला सारलं. “तू घाबरली नव्हतीस. तू बसलेलीस. लिवत.”

एसीचं पाणी बाहेर कुठेतरी पत्र्यावर थेंब थेंब पडत होतं. महमुदा दाराशीच उभी होती, खांद्याला पिशवी तशीच.

“तो माज्यासाटी काय बोल्ला ता वाच परत,” म्हातारी नाझिशला म्हणाली.

“दादी, नको ना.”

“वाच.”

नाझिशने फोन उचलला. “‘माझ्या आईला कळवा की मला तिची उणीव भासत आहे, आणि माझे हात आता माझे राहिलेले नाहीत.’”

“ह्यो कोन बोलतो?” अख्तरुन्निसा म्हणाली. “उणीव. माज्या अझहरनं असला कवा बोल्ला नाय. ह्यो कोन तरी मास्तर बोलतो.” आणि तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांवर ऑपरेशननंतरची ती निळसर चकाकी होती. “फोन ऱ्हावंदे. तू व्हतीस ना थयसर? त्याच्या तोंडातला सांग मना. जसा बोल्ला तसा.”

महमुदाने डोळे मिटले. तिला सगळं दिसलं. पांढरी जाळी, सलाईनची नळी, खिडकीतलं चार वाजताचं ऊन, सातवा दिवस. अझहरचे ओठ हलले. आणि त्या ओठांतून फ्रेंच बाहेर आलं. शुद्ध, सुबक फ्रेंच, मधल्या त्या स्वल्पविरामासकट, ज्याबद्दल लिऑनमध्ये कोणी अर्धं पान लिहिलं होतं. तिने ते वाक्य बाजूला सारून त्याच्याखाली बघायचा प्रयत्न केला. खाली काही नव्हतं. तो आये म्हणाला होता की अम्मा? हात म्हणाला होता का, की बोटं? त्याने एक वाक्य सांगितलं होतं की तुटक तीन, जी तिने जोडली? ती सहावा दिवस शोधू लागली, मग आठवा, मग शुक्रवारची जेवणं, आणि जिथे जिथे तिने वहीत उतरवलं होतं तिथे तिथे तो मुलगा, ज्याला त्या भाषेतला एक शब्द माहीत नव्हता, सुंदर फ्रेंच बोलत होता. मूळ नमुना तिने ठेवलाच नव्हता.

पण बोली तिचीच होती. असं एक वाक्य ती आत्ता, इथे, घडवू शकत होती.

“तो म्हनला,” महमुदा म्हणाली, “आयेला सांगा, भाबी, मना तिची लय याद येते. माजं हात—”

बोलता बोलता तिने ‘लय’ काढून टाकावा का असा विचार केला. म्हातारीने तो विचार बघितला.

“ह्यो तुजा हाय,” अख्तरुन्निसा म्हणाली. “त्याचा सांग.”

बाहेर लिफ्ट थांबली. हुसेनच्या चपला, मग कुलुपात किल्ली. नाझिश उठून उभी राहिली, तिला कुठे जावं कळेना. अख्तरुन्निसाने त्या आवाजाकडे वळून बघितलं नाही. ती पलंगावर हाताने रेटत थोडी आत सरकली आणि चादरीवर, आपल्या शेजारी, तळवा आपटून महमुदासाठी जागा दाखवली.

“बस हितं. याद येईस्तवर बस. मना आता कुठं जायाचा नाय.”